खासगी कंपनीच्या डिटेन्शन सेंटरमधला माणूस : सुटका, औषध आणि दावा यांचे दरवाजे वेगळे आहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा मावसभाऊ एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकायला आला, कॉलेज सुटल्यावर त्याचे स्टेटस (इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा) गेले आणि आता तो वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा इथल्या 'नॉर्थवेस्ट आइस प्रोसेसिंग सेंटर'मध्ये आहे. त्याला मधुमेह आहे, इन्सुलिन वेळेवर मिळत नाही, रात्रीचे जेवण फार उशिरा येते. हे सेंटर जीईओ ग्रुप ही खासगी कंपनी चालवते आणि आत असलेल्यांनी तिच्याविरुद्ध १ कोटी ७३ लाख डॉलरचा दावा जिंकला, असा मेसेज त्यांना आला. मग आपणही कंपनीवर केस टाकली तर भाऊ लवकर सुटेल का? आणि आत रोज एक डॉलर मिळतो असे ऐकले, तर त्याने काम करावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. कंपनीविरुद्धच्या दाव्याने कोणी सुटत नाही, कारण सोडण्याचा अधिकार कंपनीकडे नसतोच. तुमच्यासमोर एक नाही, तीन प्रश्न आहेत : तो बाहेर कसा येईल, आत असेपर्यंत त्याच्या जिवाला धोका कसा होणार नाही, आणि झालेल्या नुकसानीबद्दल कोणाला जबाबदार धरता येईल. या तिन्हींचे अधिकारी वेगळे, कागद वेगळे, मुदती वेगळ्या. घरची माणसे काळजीपोटी सगळे एकाच अर्जात लिहितात आणि तो अर्ज कोणाच्याच टेबलावर थांबत नाही.

त्या एका इमारतीत कोण काय करते ते आधी पाहू. अटक केली आणि ताब्यात ठेवले ते आइसने, म्हणजे केंद्र सरकारच्या इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंटने. भावाला नेमलेला डिपोर्टेशन ऑफिसर आइसचा. इमिग्रेशन जज न्याय खात्याचा; टॅकोमाचे इमिग्रेशन कोर्ट सेंटरच्याच आवारात भरते. इमारत, पहारेकरी, स्वयंपाकघर, कपडे, भेटीची खोली हे सगळे जीईओचे. दवाखाना मात्र आइस हेल्थ सर्व्हिस कोअरचा, म्हणजे पुन्हा सरकारचा, आणि त्यातही काही नर्सेस कंत्राटी असतात. देशातल्या दुसऱ्या खासगी सेंटरमध्ये दवाखानाही कंपनीचा किंवा तिच्या उपकंत्राटदाराचा असू शकतो. म्हणून 'तिथले लोक औषध देत नाहीत' एवढे पुरत नाही. कोणी दिले नाही, त्याच्या बिल्ल्यावर काय लिहिले होते, हे भावाने टिपून ठेवायचे. पुढे दावा कोणावर करायचा ते या एका तपशिलावर ठरते.

आता सुटकेबद्दल. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा भाऊ रीतसर व्हिसावर, विमानतळावर तपासणी होऊन आला, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. अशा माणसाला सहसा इमिग्रेशन जजकडे बाँड, म्हणजे पैसे भरून केस संपेपर्यंतची सुटका, मागता येतो. त्याच्यावर काही विशिष्ट गुन्हे असतील तर मात्र अटक सक्तीची होते. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने त्या यादीत चोरी, दुकानातून वस्तू उचलणे असे आरोपही घातले, दोष सिद्ध झालेला नसला तरी. पण हा कायदा मुख्यतः तपासणीशिवाय किंवा वैध कागदांशिवाय आलेल्यांना लागतो, म्हणून भावाच्या वकिलाने 'आरोप काय' आणि 'प्रवेश कसा' हे दोन्ही कागदावर तपासून घ्यावे.

जे सीमा ओलांडून आले त्यांचे चित्र वेगळे आहे, आणि हा धागा वाचणाऱ्यांत त्यांचेही नातेवाईक असतील. सप्टेंबर २०२५ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, म्हणजे इमिग्रेशन जजच्या वरच्या अपील मंडळाने, ठरवले की तपासणीशिवाय आलेल्यांना, ते कितीही वर्षे इथे राहत असले तरी, जजकडून बाँड मिळू शकत नाही. वॉशिंग्टनच्या फेडरल जिल्हा कोर्टाने त्याच महिन्यात टॅकोमाच्या कोर्टातली हीच प्रथा बेकायदेशीर ठरवली. देशभरातल्या अनेक न्यायाधीशांनी बोर्डाचे म्हणणे नाकारले आहे, काहींनी मानले आहे. त्यामुळे कोणत्या सर्किटमध्ये, म्हणजे कोणत्या फेडरल अपील कोर्टाच्या विभागात, माणूस अडकला आहे यावर उत्तर बदलते, आणि म्हणूनच बदली हा एवढा गंभीर विषय आहे. त्याकडे खाली येतो.

बाँडच्या सुनावणीत जज दोनच गोष्टी पाहतो : हा माणूस लोकांना धोकादायक आहे का, आणि सोडल्यावर तारखेला हजर राहील का. त्यासाठी लागतात ते कागद असे : ज्या घरी तो राहणार तिथला भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, त्या घरातल्या माणसाचे पत्र आणि त्याच्या स्टेटसचा पुरावा, कॉलेजच्या नोंदी, भरलेला कर, पोलीस केस असेल तर तिच्या निकालाची प्रमाणित प्रत. मराठी कागद जोडला तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचे सहीचे प्रमाणपत्र हवेच. 'तो फार गुणी मुलगा आहे' अशी मंडळातल्या वीस जणांची सारखी पत्रे देण्यापेक्षा तीन पत्रे द्या, ज्यांत लिहिणारा त्याला कधीपासून ओळखतो आणि त्याच्यासाठी नेमके काय करायला तयार आहे ते लिहिलेले असेल.

जज ठरवतो तो बाँड कमीत कमी १,५०० डॉलरचा असतो, प्रत्यक्षात बराच जास्त. फौजदारी जामिनासारखी दहा टक्क्यांची सोय इथे धरू नका. आइसकडे पूर्ण रक्कम भरावी लागते. भरणाऱ्याचे स्वतःचे स्टेटस तपासले जाते, म्हणून अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या नावाने भरणे सुरक्षित. पावती आणि बाँडचा करार जपून ठेवा, कारण केस संपल्यावर पैसे त्या कागदांवर, त्याच माणसाला परत मिळतात. आणखी एक : जजने बाँड दिला तरी सरकारी वकील दुसऱ्या दिवशीपर्यंत नोटीस देऊन तो आपोआप स्थगित करू शकतो. तसे झाले तर 'जजने सोडले, आइस ऐकत नाही' म्हणून सेंटरच्या दारात गर्दी करून उपयोग नाही. त्याचा मार्ग फेडरल कोर्टात, हेबियस कॉर्पसने.

हेबियस म्हणजे 'मला बेकायदेशीरपणे डांबले आहे' असा फेडरल जिल्हा कोर्टातला अर्ज. फी ५ डॉलर आहे. अर्ज त्याच जिल्ह्यात करावा लागतो जिथे माणूस त्या क्षणी ताब्यात आहे. प्रतिवादी कोण, यावर खासगी सेंटरच्या बाबतीत वाद होता. ९ व्या सर्किटने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका केसमध्ये सांगितले की खासगी सेंटरचा वॉर्डनच योग्य प्रतिवादी. म्हणून टॅकोमासाठी वॉर्डन आणि आइसचा सिएटलचा फील्ड ऑफिस डायरेक्टर, दोघांचीही नावे घालणे शहाणपणाचे. अर्ज योग्य कोर्टात एकदा दाखल झाला की नंतर माणसाला दुसऱ्या राज्यात हलवले तरी त्या कोर्टाचा अधिकार जात नाही. उलट, आधी टेक्सास किंवा लुइझियानाला हलवले आणि मग अर्ज केला, तर तिकडच्या कोर्टात, तिकडच्या कायद्याने लढावे लागते. २०२५ च्या जुलैत संसदेने डिटेन्शनसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केल्यापासून नवी सेंटर्स उघडत आहेत आणि माणसे भराभर हलवली जात आहेत. वकिलाला 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणू देऊ नका.

भाऊ कुठे आहे ते रोज तपासा. आइसच्या ऑनलाइन लोकेटरमध्ये नऊ अंकी ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक) आणि जन्मदेश टाकून शोधा. नावाने शोधताना मराठी माणसाचा घोळ होतो : मधले नाव वडिलांचे, पासपोर्टवर कधी ते पहिल्या नावाला जोडलेले, कधी आडनावाची जागा रिकामी आणि अमेरिकन नोंदीत पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिले नाव माहीत नाही). अक्षर जुळले नाही तर लोकेटर 'सापडत नाही' म्हणतो आणि घरचे घाबरतात. ए-नंबर दहा जणांकडे लिहून ठेवा. वकील नेमल्याबरोबर त्याने जी-२८ फॉर्म (वकीलपत्र) आइसकडे द्यावा. त्याशिवाय ऑफिसर वकिलाशी बोलत नाही. वकील परवडत नसेल तर टॅकोमात नॉर्थवेस्ट इमिग्रंट राइट्स प्रोजेक्ट ही संस्था या सेंटरमधल्या लोकांना मोफत कायदेशीर मदत करते. आणि आत त्याच्यापुढे ठेवलेल्या कोणत्याही कागदावर, विशेषतः 'परत जायला तयार आहे' अशा कागदावर, वकिलाला वाचून दाखवल्याशिवाय सही नको. आतले फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा केसची हकीगत घरच्या फोनवर सांगायची नाही. ती वकिलाच्या भेटीत.

आता औषधाचा प्रश्न. तो आजचा आहे, बाकी सगळे उद्याचे.

आइसची स्वतःची डिटेन्शन मानके आहेत. कोणत्या सेंटरला कोणत्या वर्षाची मानके लागू ते कंत्राटात ठरते आणि तपासणी अहवालाच्या पहिल्या पानांवर लिहिलेले असते. २०११ च्या मानकांत (२०१६ मध्ये सुधारलेल्या) असे आहे : आल्यापासून १२ तासांत आरोग्याची प्राथमिक तपासणी, बाहेर औषध घेत असल्याचे सांगितले तर २४ तासांच्या आत पात्र आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासणी, १४ दिवसांत संपूर्ण तपासणी. जेवण दिवसातून तीनदा, त्यातले दोन गरम, आणि रात्रीचे जेवण ते सकाळचा नाश्ता यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नाही. ही मानके म्हणजे कायदा नव्हे. फक्त ती मोडली म्हणून कोर्टात पैसे मिळत नाहीत. पण काळजी किती घ्यायला हवी होती ते दाखवायला ती फार उपयोगी पडतात.

इन्सुलिन आणि जेवण हे तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिले आहे. त्या एकच तक्रार आहेत. इन्सुलिन टोचले आणि जेवण दोन तास उशिरा आले तर साखर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. इन्सुलिन चुकले तर साखर चढते, उलट्या, धाप, गुंगी, आणि टाइप-१ असेल तर दिवसाभरात जीव धोक्यात. 'जेवण वाईट आहे' ही तक्रार रोज शेकड्याने येते आणि पहारेकऱ्याच्या पातळीवर मरते. 'इन्सुलिननंतर जेवण येत नाही, मला मेडिकल डाएट आणि रात्रीचा अल्पाहार डॉक्टरांनी लिहून द्यावा' ही तक्रार दवाखान्याला उत्तर द्यायला भाग पाडते.

भावाने सिक कॉलची, म्हणजे दवाखान्यात तपासणी मागण्याची, चिठ्ठी (आत तिला 'काइट' म्हणतात, काही पॉडमध्ये, म्हणजे राहण्याच्या विभागांत, ती टॅबलेटवरून जाते) साधारण अशी लिहावी : 'मला टाइप-२ मधुमेह आहे. बाहेर मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १८ युनिट घेत होतो. ६ तारखेच्या रात्रीपासून इन्सुलिन मिळालेले नाही. आज सकाळी ७ वाजता बोटाच्या तपासणीत साखर ३१० आली. सारखी तहान, रात्री पाच वेळा लघवी, डावे पाऊल बधिर. आजच तपासून इन्सुलिन सुरू करावे. मला मराठी दुभाषी हवा.' औषध, मात्रा, तारीख, आकडा, लक्षण, मागणी. राग, कायद्याची कलमे, इतरांच्या कहाण्या यांना त्या चिठ्ठीत जागा नाही. प्रत मागायची, मिळाली नाही तर वहीत तशीच उतरवून, वेळ आणि कोणाच्या हातात दिली ते लिहायचे. टॅबलेट असेल तर अर्जाचा क्रमांक फोनवर तुम्हाला सांगायचा. उत्तर आले नाही तर दुसऱ्या दिवशी औपचारिक ग्रीव्हन्स (लेखी तक्रार), त्यात पहिल्या चिठ्ठीची तारीख. ती फेटाळली तर अपील.

दुभाष्याचा मुद्दा किरकोळ समजू नका. भारतीय माणूस दिसला की हिंदीचा दुभाषी फोनवर जोडून देतात. ज्याला हिंदी नीट येते त्याचे भागते, पण 'पायाला मुंग्या येतात' किंवा 'डोळ्यासमोर अंधारी येते' हे नेमके सांगायचे तर आपलीच भाषा हवी. कोर्टातही 'मराठी' असे स्पष्ट सांगायचे. दुभाष्याचा खर्च कोर्टाचा.

बाहेरून तुमचे काम : त्याच्या डॉक्टरकडून, भारतातल्या असले तरी, औषधांची यादी आणि शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) लेटरहेडवर मागवा. भावाची सही असलेल्या परवानगीसह वकिलाने ती दवाखान्याला, डिपोर्टेशन ऑफिसरला आणि फील्ड ऑफिसला एकाच ईमेलने पाठवावी. विषयाच्या ओळीत ए-नंबर आणि 'इन्सुलिन मिळत नाही' एवढेच. तुमच्या खासदाराच्या म्हणजे काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसात इमिग्रेशन केसवर्कर असतो. त्याला चौकशी करायला भावाने सही केलेला आइसचा ६०-००१ हा प्रायव्हसी वेव्हर (माहिती देण्याची परवानगी) लागतो. हा फॉर्म पहिल्याच भेटीत सही करून घ्या, कारण बदली झाल्यावर सही मिळवायला आठवडे जातात. सिएटलला भारताचे वाणिज्य दूतावास आहे; व्हिएन्ना करारानुसार भाऊ त्यांना कळवायला सांगू शकतो. मात्र ज्याने आश्रय मागितला आहे किंवा मागणार आहे, त्याने वकिलाला विचारल्याशिवाय आपल्या देशाच्या दूतावासाशी बोलू नये.

उपोषण करावे का, असे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारले आहे. टॅकोमात मार्च २०१४ मध्ये शेकडो जणांनी उपोषण केले तेव्हाच या सेंटरकडे देशाचे लक्ष गेले, हे खरे. पण इन्सुलिनवर असलेल्या माणसाने ते करू नये, एवढे मी ठामपणे सांगेन. ७२ तास अन्न न घेतले की वैद्यकीय देखरेख सुरू होते, बहुधा वेगळ्या कोठडीत. २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासमधल्या एल पासोच्या केंद्रात आश्रय मागणाऱ्या भारतीय उपोषणकर्त्यांना कोर्टाच्या आदेशाने नाकात नळी घालून अन्न दिले गेले. एकाकी कोठडीचा प्रश्नही या सेंटरमध्ये गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये दीर्घकाळ एकटे ठेवलेल्या एका माणसाचा इथे मृत्यू झाला.

'सरकार तपासणी करत नाही का?' करते. आइस ज्याच्या हाताखाली येते त्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०१९ च्या जानेवारीत लिहिले की ऑक्टोबर २०१५ ते जून २०१८ या काळात कंत्राटी सेंटरांमध्ये १४,००३ त्रुटी नोंदल्या गेल्या आणि आर्थिक दंड झाला फक्त दोनदा. त्याआधी २०१८ मध्ये जीईओच्याच कॅलिफोर्नियातल्या अडेलँटो सेंटरची तपासणी झाली, तेव्हा पाहिलेल्या २० पैकी १५ कोठड्यांत चादरी पिळून केलेले फास लटकत होते. कंपनीची कमाई कंत्राटातून ठरलेली असते, बऱ्याच ठिकाणी किमान इतक्या खाटांचे पैसे त्या रिकाम्या असल्या तरी मिळतात. मग नफा वाढतो तो माणसे कमी नेमून, जागा रिकाम्या ठेवून, स्वयंपाकावर कमी खर्च करून. दंडाची भीती नसेल तर हे बदलायला कंपनीला कारण उरत नाही, आणि माझ्या मते आतल्या हालांचे मूळ एखाद्या क्रूर पहारेकऱ्यापेक्षा या हिशेबात जास्त आहे.

त्यात भर म्हणजे मार्च २०२५ मध्ये खात्याच्या नागरी हक्क कार्यालयातले आणि डिटेन्शन लोकपाल कार्यालयातले बहुतेक कर्मचारी काढले गेले. तिथे तक्रार नोंदवा, पण तिच्यावर विसंबून राहू नका. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये खासगी सेंटरच्या आरोग्य तपासणीचा कायदा केला. कंपनी कोर्टात गेली आणि राज्याच्या तपासनिसांना दारातून परत पाठवले गेले. तरी राज्याच्या आरोग्य खात्याकडे पाणी, अन्न, स्वच्छतेची तक्रार लिहून द्यावी, कारण त्या तक्रारी राज्याने कोर्टात पुरावा म्हणून वापरल्या आहेत.

आता त्या १ कोटी ७३ लाख डॉलरच्या खटल्याविषयी, कारण मेसेजमध्ये अर्धेच आले आहे.

आइसच्या सेंटरांत 'ऐच्छिक काम' नावाची योजना असते. स्वयंपाकघर, धुलाई, साफसफाई. मोबदला दिवसाला किमान १ डॉलर. हा आकडा संसदेने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ठरवला आणि नंतर कधी बदलला नाही. २०१७ मध्ये टॅकोमातल्या लोकांनी एक सामूहिक दावा आणि वॉशिंग्टनच्या अॅटर्नी जनरलनी दुसरा दावा केला. मुद्दा एकच : राज्याचा किमान वेतन कायदा या कामाला लागतो. २०२१ मध्ये हे वेतन तासाला १३.६९ डॉलर होते. कंपनी म्हणत होती, राज्य स्वतःच्या तुरुंगातल्या कैद्यांना किमान वेतन देत नाही, मग केंद्राच्या कंत्राटदाराकडून मागणे हा भेदभाव आहे. पहिल्या वेळी, २०२१ च्या जूनमध्ये, ज्युरीचे एकमत झाले नाही. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या ज्युरीने दहा हजारांहून जास्त आजी-माजी स्थानबद्धांना मिळून १ कोटी ७३ लाख डॉलर दिले, आणि जज ब्रायन यांनी कंपनीला अन्यायाने झालेल्या लाभापोटी राज्याला ५९ लाख द्यायला सांगितले. अपिलात ९ व्या सर्किटने राज्याच्या सुप्रीम कोर्टाला कायद्याचा अर्थ विचारला. त्याने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की खासगी सेंटरमधल्या लोकांना हा कायदा लागतो, कायद्यातली सूट सरकारी संस्थांपुरती आहे. जानेवारी २०२५ मध्ये ९ व्या सर्किटने दोन विरुद्ध एक मताने निकाल कायम केला.

तुमच्या भावाला याचा काय उपयोग? पैशांच्या बाबतीत, काही नाही. तो सामूहिक दावा २०१४ पासून निकालापर्यंत ज्यांनी काम केले त्यांचा होता. आणि निकालानंतर कंपनीने टॅकोमात किमान वेतन द्यायला सुरुवात केली नाही, तर कामाची योजनाच थांबवली. त्यामुळे 'काम करावे का' हा प्रश्न बहुधा त्याच्यापुढे येणारच नाही. भाऊ दुसऱ्या राज्यात हलवला गेला आणि तिथे काम देऊ केले, तर करायचे की नाही ते त्याने ठरवावे. आतल्या दुकानातून सूप आणि फोनचे मिनिट घ्यायला तो डॉलर अनेकांना लागतो. फक्त एक लक्षात ठेवायचे : नकार दिल्याबद्दल एकाकी कोठडीची धमकी आली तर ती तारीख-वेळेसह लिहून ठेवायची. कोलोरॅडोतल्या ऑरोरा सेंटरविरुद्धचा, २०१४ मध्ये दाखल झालेला खटला याच मुद्द्यावर आहे. पॉडची साफसफाई फुकट करा, नाहीतर एकांत कोठडी, असा आरोप, आणि दावा मानवी तस्करीविरोधी कायद्यातल्या सक्तीच्या मजुरीच्या कलमाखाली. 'आम्ही सरकारचे काम करतो म्हणून आम्हालाही सरकारचे संरक्षण' हा कंपनीचा बचाव तिथे जिल्हा कोर्टाने २०२२ मध्ये नाकारला आणि तो वाद पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

नुकसानभरपाईचा दावा तुम्हाला पुढे करायचाच असेल तर दोन फांद्या आहेत. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने २००१ आणि २०१२ च्या दोन निकालांत खासगी तुरुंग कंपनी आणि तिचे कर्मचारी यांच्यावर थेट राज्यघटनेखाली नुकसानभरपाईचा दावा बंद केला. कारण त्यांच्यावर राज्याच्या कायद्याने निष्काळजीपणाचा साधा दावा करता येतो. म्हणजे पहारेकऱ्याने दवाखान्यात नेले नाही, जेवण दिले नाही, यासाठी जीईओवर वॉशिंग्टनच्या कायद्याखाली दावा, मुदत साधारण तीन वर्षे. कॅलिफोर्निया, टेक्सास, जॉर्जियात ती दोन वर्षे आहे. दवाखान्यातल्या सरकारी डॉक्टरची चूक असेल तर कंपनीवर नव्हे, अमेरिकन सरकारवर, फेडरल टॉर्ट क्लेम्स कायद्याखाली. त्याची पहिली पायरी कोर्ट नाही : एसएफ-९५ हा फॉर्म दोन वर्षांच्या आत खात्याकडे पोचला पाहिजे, आणि त्यात मागणीचा नेमका आकडा हवा. 'योग्य ती भरपाई' असे लिहिले तर अर्ज अपुरा ठरतो. खात्याने नाकारल्याचे पत्र टपालात टाकल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत कोर्ट. उलटपक्षी सरकारवरच्या दाव्यात 'ती नर्स कंत्राटी होती, आमची नव्हती' हा बचाव हमखास येतो; म्हणून दोन्ही बाजूंना एकाच वेळी नोटीस देणारा वकील निवडा. दवाखाना जिथे खासगी कंत्राटदाराचा आहे तिथे आणखी एक अडचण : वेलपाथ या मोठ्या तुरुंग-आरोग्य कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिच्यावरचे दावे त्यात अडकले.

एक दिलासा असा की तुरुंगातल्या कैद्यांच्या दाव्यांवर असलेली 'आधी आतली सगळी तक्रार-प्रक्रिया पूर्ण करा' ही सक्ती इमिग्रेशनच्या स्थानबद्धांना कोर्टांनी लावलेली नाही, कारण ही अटक दिवाणी आहे, शिक्षेची नाही. तरी ग्रीव्हन्स करायच्याच. त्याच पुढे पुराव्याचे काम करतात.

राज्याने हे सेंटर बंदच का करू नये, असेही एका प्रतिसादात विचारले आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला होता. ९ व्या सर्किटच्या मोठ्या पीठाने २०२२ मध्ये तो आइसच्या सेंटरांपुरता अडवला, कारण राज्य केंद्राला कंत्राटदार नेमण्यापासून रोखू शकत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याचेही २०२५ मध्ये ३ ऱ्या सर्किटमध्ये तेच झाले. इलिनॉयचा टिकला, कारण त्याने खासगी कंपनीला नव्हे, स्वतःच्या काउंट्यांना आइसशी करार करायला बंदी घातली. वेतन, आरोग्य, अग्निसुरक्षा असे सगळ्यांना सारखे लागणारे राज्याचे नियम मात्र कंपनीला पाळावे लागू शकतात, आणि खरी लढाई आता तिथे आहे.

या आठवड्याचा क्रम सांगतो. आज रात्री फोनवर भावाकडून औषधांची नावे, चुकलेल्या तारखा आणि साखरेचे आकडे लिहून घ्या. उद्या वकिलाकडून जी-२८ आणि दवाखान्याला ईमेल. भेटीला जाल तेव्हा प्रायव्हसी वेव्हर आणि वैद्यकीय नोंदी मागण्याचा फॉर्म, दोन्हींवर सही. बाँडची सुनावणी मागितली का आणि तारीख काय, हे वकिलाला लेखी विचारा. उलट्या, धाप, गुंगी यांतले काहीही झाले तर त्याने चिठ्ठी लिहीत बसू नये. पॉडमधल्या पहारेकऱ्याला 'मेडिकल इमर्जन्सी' असे मोठ्याने सांगायचे, शेजारच्या दोघांनाही सांगायला लावायचे, आणि तुम्ही सेंटरला फोन करून शिफ्ट सुपरवायझरचे नाव आणि फोनची वेळ लिहून घ्यायची.